पाठराखण : उच्च प्राथमिक वर्गांतील मागे पडणाऱ्या मुलांसाठी एक अभ्यासपाठ



१. प्रश्नाचे स्वरूप

जुलै महिन्यात रोवणी भरात असताना सानगडीच्या परिसरातील कोणत्याही शाळेचा सहावी-सातवीचा हजेरीपट उघडून पाहावा. काही ठराविक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सलग दिसू लागतात. बांध्यांतून चिखलणी चाललेली असते, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहून नेण्यास हात हवे असतात आणि आईवडील दोघेही शेतावर गेल्यामुळे घरी धाकटी भावंडे सांभाळावयाची असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचण्याचे दिवस येतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचे येतात. धानाची कापणी आटोपल्यावर काही कुटुंबे कामाच्या शोधात बाहेरगावी जातात. ही कारणे आपणां सर्वांस ठाऊक आहेत.

परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्याच वस्तीतील, तितक्याच गरीब घरचा एक मुलगा रोवणी संपताच दप्तर घेऊन शाळेत परत येतो आणि दुसरा येत नाही. दारिद्र्य दोघांच्याही घरी सारखेच असते. मग भेद कोठे पडतो? पुष्कळदा असे आढळते की, जो परत येतो त्याची चौकशी करणारे, तो आला नाही तर ज्याला चुकल्यासारखे वाटेल असे कोणी तरी शाळेत असते. जो येत नाही त्याला, आपण न गेल्याने कोणाचेच काही अडले नाही, ही गोष्ट उमगलेली असते.

अकरा ते चौदा वर्षांचे वय या दृष्टीने फार नाजूक आहे. पहिली-दुसरीत लहानग्याला सर्वच जवळ घेतात. पाचवीनंतर विषय वाढतात, शिक्षक बदलतात, मुलाचा आवाज फुटू लागतो आणि त्याच्या अंगात मजुरी करण्याइतके बळ येते. अशा वेळी ढिवर, गोंड, गोवारी, बौद्ध अथवा भूमिहीन मजुरांच्या वस्तीतून आलेल्या मुलाला शाळेत ‘टवाळ’, ‘मंद’, ‘यांचे असेच’ असे शब्द ऐकू येऊ लागले की तो ते शब्द खरे करून दाखवितो. शिवाय गावची शाळा जेथे सातवीवर वा आठवीवर संपते, तेथे पुढील वर्गासाठी परगावच्या शाळेत जावे लागते. त्या उंबरठ्यावरून मागे फिरणाऱ्यांत ही मुले अधिक असतात. मुलींच्या अडचणी निराळ्या आहेत व त्यांचा विचार स्वतंत्र पाठातच व्हावयास हवा. प्रस्तुत पाठ मुलग्यांपुरता मर्यादित ठेविला आहे.

नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जाते. ती तेथे कोणतेही मोठे काम करीत नाही. परक्या घरी पहिल्या दिवसांत नवरीला आपले माणूस जवळ असावे, एवढाच तिच्या जाण्याचा हेतू असतो. ज्याच्या घराण्यात यापूर्वी कोणी आठवीच्या पुढे गेले नाही, त्या मुलाला वरचे वर्ग हे असेच परके घर होय. त्याची पाठराखण कशी करावी, हा या पाठाचा विषय आहे.

२. केळुसकर गुरुजी आणि विद्यार्थी भीमराव

या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे व ते सायंकाळी परत न्यावे लागे. कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याविना पाणी मिळत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड. अभ्यासाला जागा नाही. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोड येथील बागेत जाऊन वाचीत बसे.

त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलचे शिक्षक येत असत. ते ग्रंथकार होते. शिवछत्रपतींचे व गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले होते. नित्य वाचनात गढलेला हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याची विचारपूस केली आणि तो कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावरही ते दूर झाले नाहीत. भीमराव त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याला शिकविण्याचे वेतन त्यांस मिळत नव्हते. तरीही ते त्याला वाचावयास पुस्तके देत राहिले. परीक्षेतील यशाबद्दल समाजबांधवांनी भीमरावाच्या अभिनंदनाची सभा भरविली, तेव्हा केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घडलेल्या धम्मदीक्षेचा एक दूरचा धागा असा एका शिक्षकाच्या भेटीपर्यंत पोहोचतो.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला व महाविद्यालयात गेला. परंतु इंटरच्या परीक्षेनंतर वडिलांचे पैसे संपले व शिक्षण थांबण्याची वेळ आली. त्या वेळी केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावास त्यांच्या भेटीस नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच साहाय्याने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले.

केळुसकर गुरुजींनी काय केले हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी मुलाला प्रथम पाहिले. ओळख झाल्यावर भेट टिकविली. कोरडा उपदेश न करता हाती पुस्तक दिले. आणि वाट बंद होण्याच्या नेमक्या घटकेला स्वतः उठून त्याच्याबरोबर गेले. भीमरावाची बुद्धी केळुसकरांनी निर्माण केली नाही. वडील रामजी सुभेदारांचा ध्यासही पाठीशी होताच. गुरुजींनी फक्त पाठराखण केली. परंतु ती नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

केळुसकर भेटणे हा मात्र योगायोग होता. प्रत्येक मुलास बागेत असा मनुष्य भेटेल असे नाही. म्हणून योगायोगाची व्यवस्था व्हावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून ती केली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह आपले दागिने दिले. आपल्या शाळांना वसतिगृह काढणे शक्य नाही. परंतु त्यामागील तत्त्व, म्हणजे प्रत्येक मुलामागे एक जबाबदार मोठे माणूस असणे, हे शक्य आहे.

३. अमेरिकेतील कृष्णवर्णी मुलांचा अनुभव

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केले. तेथील कृष्णवर्णी लोकांचा प्रश्न व येथील शूद्रातिशूद्रांचा प्रश्न यांतील नाते त्यांनी इतक्या आधी ओळखिले होते. म्हणून तेथील शाळांत कृष्णवर्णी मुलांसाठी पाठराखणीचे जे प्रयोग झाले, ते आपणांसही उपयोगी पडतात. तेथेही सहावी ते आठवीच्या वयात हे मुलगे शिक्षेस अधिक पात्र ठरतात व शाळेपासून तुटू लागतात. २०१४ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अशा मुलांच्या पाठराखणीस राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप दिले. तेथील अनुभवातून आपणांस चार गोष्टी घेता येतील.

(अ) नियमित भेटीचे फळ. ‘बिग ब्रदर्स’, म्हणजे थोरले बंधू, या चळवळीचा आरंभ न्यूयॉर्क येथे १९०४ साली झाला. स्वेच्छेने पुढे आलेला एक प्रौढ मनुष्य एका मुलाला नेमाने भेटतो, एवढेच तिचे स्वरूप. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींचा दीड वर्ष अभ्यास करण्यात आला. सोबती मिळालेल्या मुलांनी शाळेचे जितके दिवस बुडविले, त्याच्या सुमारे दुप्पट दिवस सोबती न मिळालेल्यांनी बुडविले. हे सोबती शिकवणी घेत नव्हते. महिन्यातून सुमारे तीन वेळा भेटत होते, बोलत होते, बरोबर हिंडत होते.

(आ) अर्ध्यावर सोडण्याचा तोटा. याच माहितीच्या २००२ सालच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, एक वर्ष वा अधिक काळ टिकलेल्या संबंधांत लाभ सर्वांत जास्त होता. परंतु तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या संबंधांत मुलांचा स्वतःवरील विश्वास पूर्वीपेक्षाही घटला. या पाठातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच होय.

(इ) थांबून विचार करण्याची सवय. शिकागो शहरात सातवी ते दहावीच्या मुलग्यांसाठी आठवड्यातून एकदा गटसभा घेण्याचा एक कार्यक्रम आहे. त्यातील एक खेळ असा : दोघांची जोडी करावयाची, एकाच्या मुठीत चेंडू द्यावयाचा व दुसऱ्याने तो अर्ध्या मिनिटात मिळवावयाचा. बहुतेक मुले झोंबाझोंबी करतात. मग मार्गदर्शक विचारतो, ‘तू तो नुसता मागून का पाहिला नाहीस?’ समोरचा देणार नाही असे आपण धरून चाललो होतो, हे मुलांच्या ध्यानात येते. या कार्यक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांबद्दल अटक होण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कार्यक्रम संपल्यावर मात्र हा परिणाम ओसरला.

(ई) आपल्यातील माणूस. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णी शिक्षक लाभलेल्या अतिगरीब कृष्णवर्णी मुलग्यांत शाळा सोडण्याची शक्यता सुमारे ३९ टक्क्यांनी कमी दिसली. आपल्यासारख्याच घरातून आलेला माणूस फळ्यापुढे उभा पाहिला की, ही जागा आपलीही असू शकते, असे मुलास वाटू लागते. त्याचबरोबर केळुसकरांचे उदाहरण सांगते की, दुसऱ्या समाजातील माणसालाही हे काम करता येते. मनात दुजाभाव मात्र नसावा.

४. आपल्या शाळेत पाठराखण कशी करावी

मुलांची निवड. जातीवरून यादी करू नये. अशा यादीने मुलाला पुन्हा वेगळे गोणपाट दिल्यासारखे होते. गतवर्षीचा हजेरीपट पाहावा. सलग गैरहजर राहणारी, वर्गात मागे गप्प बसणारी, वारंवार शिक्षा झालेली व ज्यांच्या घरात प्रथमच कोणी शिकत आहे अशी मुले आपोआप पुढे येतील. एका शिक्षकाने तीनहून अधिक मुले घेऊ नयेत. निवडीची जाहीर वाच्यता करू नये.

पाठराखा कोण? द्विशिक्षकी शाळेत सर्व भार शिक्षकावर टाकणे योग्य नव्हे. त्याच वस्तीतून शिकून महाविद्यालयात गेलेला माजी विद्यार्थी, निवृत्त सैनिक, पोस्टमन, आरोग्यसेवक, मासेमारी सहकारी संस्थेचा हिशेब ठेवणारा गृहस्थ, यांपैकी कोणीही चालेल. विद्वत्तेपेक्षा त्याने दिलेली वेळ पाळणे अधिक मोलाचे आहे. नियुक्ती शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने करावी.

भेटीचा दिवस. सकाळच्या शाळेनंतरचा शनिवार सोयीचा पडतो. पाऊण तास पुरे. भेट शाळेच्या ओसरीत, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी व्हावी. पालकांची संमती व मुख्याध्यापकांस माहिती असावी. मुलाला एकट्याने कोणाच्या घरी पाठवू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम प्रत्येक पाठराख्यास समजावून सांगावा.

भेटीत काय करावे? आरंभी अभ्यासाचा विषय काढूच नये. ढिवराच्या मुलाला तलावातील मासे, जाळ्याच्या आसाचे आकार, पाण्याची खोली यांचे जे ज्ञान असते ते आपणांस नसते. ते त्याला विचारावे. गोंडाच्या मुलाला रानातील झाडांची नावे त्याच्या बोलीत विचारावी. मूल ‘पानी’ म्हणाले म्हणून हसू नये. झाडीबोलीत ण चा उच्चार न होतो. ती चूक नसून त्या बोलीची रीत आहे. आईची बोली हसण्यावारी गेली की मूल वर्गात तोंड उघडीत नाही. प्रथम ऐकावे, प्रमाण भाषा मागाहून जवळ आणावी. काही भेटींनंतर दहा मिनिटे वाचन, दहा मिनिटे एखादे अडलेले उदाहरण, एवढे पुरे. वर सांगितलेला मुठीचा खेळ चेंडूऐवजी चिंचोका घेऊन कोणत्याही ओसरीत खेळता येतो.

कागदपत्रांची वाट. केळुसकरांनी भीमरावास सयाजीरावांकडे नेले. आपण मुलाला तहसील कार्यालयापर्यंत नेऊ शकतो. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती व जमातींस १९५० पूर्वीचा, तर भटक्या जमातींस १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो पुष्कळदा आपल्याच शाळेच्या कपाटातील जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, आजोबांच्या नावापुढे सापडतो. ते रजिस्टर उघडण्यास शिक्षकाला एक दुपार लागते. ती न मिळाल्यामुळे मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते.

५. एक कबुली व काही दक्षता

प्रस्तुत लेखकाकडून पूर्वी एक चूक घडली आहे. ती सांगणे कर्तव्य वाटते. सातवीतील एका अबोल मुलाला दर शनिवारी थांबवून घेण्याचा क्रम मी आरंभिला होता. मुलगा बोलू लागला, गणितही करू लागला. दिवाळीपूर्वी माझी बदली झाली. निरोपसमारंभाच्या व दप्तर सोपविण्याच्या धांदलीत मी त्या मुलाशी काहीच बोललो नाही. मूल आहे, विसरेल, असे वाटले. पुढे कळले की, त्यानंतरचे दोन शनिवार तो शाळा सुटल्यावर ओसरीत बसून होता. तिसऱ्या शनिवारी तो बसला नाही, आणि पुढे पुढे शाळेतही येईनासा झाला. आधीच अनेकदा नाकारलेल्या मुलाला मी आणखी एकदा नाकारले होते. बदली माझ्या हाती नव्हती. परंतु त्याला आधी सांगणे आणि त्याचा हात दुसऱ्या कोणाच्या हाती देणे हे सर्वस्वी माझ्या हाती होते.

यावरून पुढील दक्षता घ्यावी :

(१) पूर्ण एक वर्ष देता येत नसेल तर आरंभच करू नये.
(२) प्रत्येक मुलामागे एक मुख्य व एक पर्यायी पाठराखा असावा. बदली, आजार वा परगावी जाणे झाल्यास मुलाला त्याच्या समक्ष दुसऱ्याच्या स्वाधीन करावे.
(३) भेट चुकणार असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा.
(४) शनिवारची भेट ही शिक्षा अथवा बक्षीस म्हणून वापरू नये. मुलाने आगळीक केली तरी भेट रद्द होऊ नये.
(५) मारणे वा घालूनपाडून बोलणे पूर्ण वर्ज्य. शिक्षणहक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने ते निषिद्धच आहे.
(६) पैसे वा वस्तू देऊन मुलाला मिंधे करू नये. पुस्तक मात्र अवश्य द्यावे.

६. वर्षाचे टाचण

जूनअखेर : हजेरीपट पाहून निवड, घरभेट, पालकांशी बोलणे. घरी गेल्यावर तक्रार सांगू नये. मुलाचा एखादा गुण सांगावा.

जुलै-ऑगस्ट : रोवणीचा काळ. मूल बांधीवर असेल तर पाठराख्याने धुऱ्यावर जाऊन दोन शब्द बोलून यावे. ‘रोवणी संपली की सोमवारी तुझी वाट पाहतो,’ एवढे वाक्य पुरेसे असते.

सप्टेंबर-ऑक्टोबर : नियमित भेटी, वाचन, शिष्यवृत्तीचे अर्ज व दाखले.

नोव्हेंबर-डिसेंबर : कापणी व त्यानंतरचे स्थलांतर. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवता येईल काय, याचा विचार कुटुंबासह आधीच करावा. सानगडीचा किल्ला, तलाव, एखादी बँक वा टपाल कार्यालय येथे एक सहल काढावी.

जानेवारी-मार्च : परीक्षेची तयारी. मोह वेचून आलेले मूल उशिरा आले तर त्याला दाराबाहेर उभे करू नये.

एप्रिल-मे : सातवी-आठवीच्या मुलाबरोबर पुढील शाळेत स्वतः जावे, प्रवेश घ्यावा, तेथील एका शिक्षकाशी त्याची नावानिशी ओळख करून द्यावी. येथे पाठराखणीचे वर्ष पुरे होते.

नोंदीसाठी नवे मोठे नमुने नकोत. एका वहीत तारीख, भेट झाली की नाही व मुलाचे एक वाक्य, एवढेच लिहावे.

७. केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेतून गतवर्षी आठवीनंतर न दिसणारी मुले किती? त्यांपैकी प्रत्येकाचे नाव व आजचे काम आपणांस सांगता येते काय?
(२) त्यांची वाट पाहणारे शाळेत कोण होते?
(३) आपल्या गावात पाठराखा होण्याजोगी तीन माणसे कोणती?
(४) आपण नकळत कोणत्या मुलाला मागच्या बाकावर नेऊन बसविले आहे?

१९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून उभे होते. त्या प्रचाराच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकल्या असतील. त्यांचे छायाचित्र आज बहुतेक शाळांत लावलेले आहे. त्या छायाचित्राखाली कोणता मुलगा सोमवारपासून आलेला नाही, हे पाहून त्याच्या घराकडे निघणे हा या पाठाचा स्वाध्याय समजावा.